उजवीकडून उघडलेली फाईल

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर आमच्या तहसील कचेरीत मद्रासकडून नवे साहेब आले. त्यांना उर्दू येत नव्हती आणि आम्हाला इंग्रजी. पहिल्याच दिवशी सगळ्यांना व्हरांड्यात उभं करून त्यांनी विचारलं, इंग्रजी कोण जाणतं? माझं इंग्रजी म्हणजे शाळेत पाठ केलेले दोन निबंध, एक गाईवर आणि एक आगगाडीवर. पण तोंडातून "येस सर" निघून गेलं, आणि तेवढ्यावर मी कचेरीचा इंग्रजी कारकून झालो.

तोवर आमच्याकडं हुकूम होता, गश्ती होती, ताकीद होती. गश्ती म्हणजे गावोगाव फिरवायचं पत्र. ताकीद म्हणजे एकदा सांगून न ऐकणाऱ्याला दिलेली समज. त्यांच्या जागी आता ऑर्डर, सर्क्युलर आणि रिमाइंडर आले. हे शब्द मी दिवसभर तोंडात घोळवायचो. एकदा घरी पाणी मागताना आईलाही म्हणालो, अर्जंट ऑर्डर आहे. तिनं तांब्या दिला आणि म्हणाली, तुझ्या ऑर्डरला सांग, जाता जाता विहिरीवरून घागर भरून आणून ठेव.

माझ्या या थाटाकडं एक माणूस चष्म्यावरून बघत असायचा, ते म्हणजे आमचे पेशकार. साहेबापुढं कागद मांडून वाचून दाखवायचे, हे त्यांचं काम. घरात मराठी, बाजारात कानडी आणि कचेरीत अशी उर्दू, की दौलताबादेहून आलेले मौलवीसुद्धा मान डोलवायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी नोकरीला लागलो तेव्हा बोरूला टोक कसं काढावं इथपासून त्यांनी मला शिकवलं होतं. आता साहेबापुढं कागद मी वाचत होतो आणि अण्णा रेकॉर्डच्या खोलीत बसत होते. पेन्शनला चार वर्षं उरली होती. इंग्रजी न येणाऱ्या जुन्या लोकांना काढणार, अशी कुणकुण होतीच.

एके दिवशी बिदरहून एक फाईल आली. साहेब दौऱ्यावर निघाले होते. जाता जाता मला म्हणाले, वाचून पेशकारांना समजावून सांगा. मी दार लावून वाचायला बसलो. दार लावायचं काही कारण नव्हतं, पण लावल्यावर काम मोठं वाटत होतं. पहिल्या कागदावर होतं की अण्णांना ठेवावं, इंग्रजी शिकायला एक वर्ष द्यावं. बरं वाटलं. मधले कागद मला फारसे कळले नाहीत, ते मी मान हलवत वाचले. शेवटच्या कागदावर होतं की यांना मोकळं करावं. शेवटचा कागद म्हणजे अखेरचा हुकूम. मी फाईल मिटली.

बाहेर येऊन मी अण्णांना तो शेवटचा कागद दाखवून सांगितलं. तेही कसं, तर आवाज बसवून, अर्ध्या इंग्रजीत, जणू ऑर्डर मीच काढली होती. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एवढंच विचारलं की कधीपासून. तारीख मी बघितली नव्हती. म्हणालो, तात्काळ.

त्या संध्याकाळी त्यांनी भाड्याची खोली सोडल्याचं मालकाला सांगून टाकलं आणि नौबादला धाकट्या भावाकडं जायला बैलगाडी ठरवली. हे मला दुसऱ्या दिवशी शिपायानं सांगितलं. माझ्याशी तो नेहमी अदबीनं बोलायचा, त्या दिवशी माझ्याकडं पाठ फिरवून बोलला.

अण्णा मात्र वेळेवर आले. त्यांना चार्ज द्यायचा होता. चार्ज देताना प्रत्येक मिसलीची, म्हणजे जुन्या उर्दू फाईलीची, पानं मोजायची आणि यादीत आकडा लिहायचा, हा त्यांचा शिरस्ता. रेकॉर्डच्या खोलीतल्या सगळ्या मिसली त्यांनी एकेक करून मोजल्या आणि दुपारी माझ्या मेजावरच्या फाईलीला हात घातला. म्हणालो, अण्णा, ही राहू द्या. ते म्हणाले, माझ्याच नावाची हाय, मोजू दे की.

मोजता मोजता त्यांचा हात थांबला. इंग्रजी अक्षर त्यांना येत नव्हतं, पण आकडे येत होते. कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हे काय लिवलंय?"

"एक, अण्णा."

"आन् तू ह्याला शेवटचं म्हणायलास. कुठल्या बाजूनं वाचलास रं?"

मी शिलाई बघितली. उर्दू मिसल उजवीकडून उघडते. माझा सगळा जन्म उजवीकडून उघडण्यात गेला होता. या फाईलीची शिलाई डावीकडं होती. ती मी आमच्या सवयीनं पालथी केली आणि मागून पुढं वाचत गेलो. अण्णांना काढा, ही कुणाची तरी पहिली सूचना होती. ठेवा, हा अखेरचा हुकूम होता. तारखा प्रत्येक कागदावर होत्या, पण आम्ही निजामाच्या कॅलेंडरातल्या फसली महिन्यांत वाढलेली माणसं. इंग्रजी महिन्यांतला कुठला आधी येतो, हे मला बोटांवर मोजून काढावं लागलं. काढलं, आणि अण्णांचंच खरं ठरलं.

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. अण्णा खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "खोली गेली असंल. पळ आधी."

मी पळालो. मालक खोली दुसऱ्याला दाखवत होता. त्याच्यापुढं मी माझ्या मूर्खपणाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली, तेव्हा हसून हसून त्यानं किल्ली परत दिली. गाडीवाल्याला मात्र हसू आलं नाही. त्याला खूश करायला त्याच्या मुलाचा शाळेचा अर्ज मी लिहून दिला, डावीकडून उजवीकडं.

साहेब दौऱ्यावरून परतल्यावर अण्णांनी मला आत ढकललं. मी सगळं कबूल केलं. साहेब हळूच म्हणाले, गेला महिनाभर मी तुमच्या मिसली डावीकडून उघडून चित्रं बघितल्यासारख्या बघतोय, कुणी सांगितलं नाही. मिसल कुठल्या बाजूनं उघडायची ते दाखवायचं काम त्यांनी अण्णांकडं दिलं.

मग वर्षभर रोज दुपारी आमची शाळा भरली. मी शिकवायचो आणि अण्णा तक्रार करायचे. इंग्रजीतल्या हुकमात सगळं आपोआप 'केलं जातं', हुकूम करणारा कुठंच सापडत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. रिमाइंडर त्यांना ताकिदीपुढं अगदी मिळमिळीत वाटायचा. पण जुन्या शब्दांसमोर नवे शब्द त्यांनी उर्दू लिपीत अशा सुबक अक्षरात उतरवले, की मीही त्या वहीतूनच खरं इंग्रजी शिकलो.

वर्ष संपलं त्या दिवशी साहेबांनी स्वतः परीक्षा घेतली. एक बंद फाईल अण्णांपुढं ठेवली. मी दाराशी उभा होतो. अण्णांनी फाईल उचलली, शिलाई कुठं आहे ते बघितलं, डावीकडून उघडली, कोपऱ्यातला आकडा बघितला, तारीख बघितली. मग सरळ शेवटच्या पानावर गेले, चष्मा सारखा केला आणि सावकाश, प्रत्येक शब्दाला बसायला जागा देत, ऑर्डर वाचायला लागले.

मध्ये एकदाच थांबून त्यांनी दाराकडं बघितलं. मी मान हलवली. या वेळी मला सगळं कळत होतं.