खोटा हुंकार

माझा धाकटा भाऊ हुशार आहे, हे लोकांनी मला आयुष्यभर सांगितलं. जसं काही मला ठाऊकच नव्हतं. त्याची हुशारी मी घडताना पाहिली, आणि तिच्यावर जळलेही तितकीच.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे सायकलनं शहापूरला जावं लागे. सातवीत मला गणितात पैकीच्या पैकी होते, तरी मी शाळा सोडून धानाच्या बांधीत राबायला उतरले आणि दोन वर्षांनी सायकल भावाला मिळाली. बाबांना विचारलं तर म्हणाले, घरात एक जण शिकला म्हणजे सगळे शिकले.

मग मी तोड काढली. आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यानं हुंकार द्यावा लागतो. 'हूं' थांबलं की गोष्ट थांबते. संध्याकाळी मी तांदूळ निवडत बसायची आणि तो शाळेतला धडा गोष्टीसारखा सांगायचा. कळलं तर हूं. नाही कळलं तर मी गप्प, मग त्याला मागे जाऊन पुन्हा सांगावं लागे. त्यात त्याची चूक त्यालाच सापडे. अशी मी घरी बसून मॅट्रिकपर्यंत पोचले, फक्त परीक्षेला बसले नाही.

त्याच्या भूमितीच्या पेपराच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, दोन बाजू आणि कोणताही एक कोन सारखा असला की त्रिकोण एकरूप. कोन त्या दोन बाजूंच्या मधलाच हवा, हे मला पक्कं माहीत होतं. पण त्याच सकाळी आईनं त्याला परीक्षेसाठी नवा सदरा दिला होता, आणि त्याचा जुना मला, लाखोरीचं पीक उपटायला जाताना लुगड्यावर घालायला. मी म्हटलं, हूं.

तसंच त्यानं लिहिलं. शाळेत पहिला यायचा तो दुसरा आला, दोन दिवस धड जेवला नाही. पण पुढे गेलाच. नागपूर, मुंबई, मग परदेश. माझा खोटेपणा त्याला खड्याएवढाही आडवा आला नाही, याचाही मला राग आला.

ऐंशी साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. तो महिनाभर गावी आला तेव्हा मीही माहेरी होते. त्यानं सुताएवढा बारीक काचेचा धागा आणला होता. सपरीतल्या, म्हणजे ओसरीतल्या अंधारात टॉर्चचा उजेड एका टोकातून घालून दुसऱ्या टोकाला ठिपका दाखवला. आमच्या प्रयोगशाळेत जमिनीखाली खोल अणूहून बारीक कण एकमेकांवर आपटतात, म्हणाला, आणि त्यांची हजारो मोजमापं उजेडाच्या उघडझापीनं अशा धाग्यातून वरच्या यंत्राकडे जातात, पापणी लवायच्या आत. गाव आ वासून ऐकत होतं. माझा नुसता जळफळाट. तरी जुन्या सवयीनं तोंडातून हूं जात होतं. मध्येच मी थांबले, तसा तोही थांबला.

"काहून थांबली, बाई?" मोठी बहीण म्हणून तो मला बाई म्हणे.

वरचं यंत्र भरलं, घेईनासं झालं, तर खालच्याला कसं कळतं, असं मी विचारलं. "उजेड तं एकाच बाजूनं जाऊन राहिला. मंग वरचा हुंकार खाली कसा येते?"

तो माझ्याकडे वळून बसला. नेमकं इथेच त्यांचे चार जण कित्येक महिने अडले होते म्हणे, शेवटी उलट्या दिशेनं दुसरा धागा टाकला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या चौघांत पाचवी मी असते, एवढंच मनात आलं.

मग तो लोकांना सांगू लागला की धागा तुटला तर परवडतं, लगेच कळतं. न पोचता 'पोचलं' म्हणणारं यंत्र सगळ्यांत वाईट, कारण चूक कुठे झाली ते कोणाला सापडतच नाही. आणि माझ्याकडे हात करून म्हणाला, "माह्या बाईनं समजल्याबिगर कधी हूं नाही म्हटलं. म्हणून मी इथवर आलो."

म्हणजे माझा मोठेपणाही आता तोच मला वाटून देणार. मला ते सहन झालं नाही.

"म्हटलं होतं एकदा," मी बोलले. "भूमितीच्या पेपराच्या आदल्या दिवशी. तुह्यं चुकलं, हे मले दिसलं होतं."

सपरीत कोणाला काही उमगलं नाही. त्याला उमगलं. तो हातातला धागा नुसता चाचपत राहिला. आता हा उठून जाणार, असं मला वाटलं.

मग खाली बघतच तो म्हणाला, "हूं."