विकतचं म्हणून बाद झालेलं तोरण

दोन वर्षांपूर्वी नांदेडात आमच्या कॉलनीत दिवाळीसाठी हातानं केलेल्या सजावटीची स्पर्धा ठेवली होती. मी क्रोशानं लोकरीचं तोरण विणलं, झेंडूच्या एकवीस फुलांचं. विणण्यापेक्षा जास्त दिवस शेवटच्या कामाला लागले. प्रत्येक फुलाच्या धाग्याचं उरलेलं टोक सुईनं टाक्यांच्या आत ओवलं, कारण मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसायला हवी होती.

परीक्षक म्हणून एका साहेबांच्या पत्नी आल्या. क्रोशाची सुई कोणती आणि स्वेटरची कोणती, हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण तोरा मोठा होता. तोरण उलटून पाहत त्या म्हणाल्या, "हे विकतचं आहे. हातानं केलेलं इतकं साफ नसतं."

म्हणजे बाईंच्या लेखी हातकाम म्हणजे गबाळेपणाच!

"थांबा जरा, मॅडम," मी म्हटलं. पिशवीतून सुई काढली, त्यांच्यासमोर एक फूल उसवलं आणि तिथंच खुर्चीवर बसून पुन्हा विणलं. बाया गोळा झाल्या. माझी शेजारीण ओरडली, "बघा की, हातानंच करून राहिली!"

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "छान. पण निकाल लिहून झालाय."

पहिलं बक्षीस टिकल्या चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या कंदिलाला मिळालं. टाळ्या संपेपर्यंत त्याच्या निम्म्या टिकल्या गळाल्या होत्या. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण हसूच आलं. असल्या पारखीचं बक्षीस घरात ठेवायचं तरी कुठं? मी तोरण उचललं आणि त्याच संध्याकाळी दाराला बांधलं.