घारीच्या फुल्या

मी लिहावं असं माझ्याकडे फारसं काही नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मीच पहिला, त्यामुळे चुकलं तर आधीच माफी मागतो.

जंगल मी अजून पाहिलेलं नाही. तरीही जंगलातल्या पक्षी-शिबिराचा अर्ज भरायला बसलो आणि ‘वन्यजीव निरीक्षणाचा अनुभव’ या रकान्यापाशी अडलो. आम्ही राहतो चिंचपोकळीच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर.

“लिही की आपली घार,” आई म्हणाली.

“अगं, ती चोर आहे.”

“मग चोर काय वन्यजीव नसतो?”

समोरच्या पिंपळावर घारीचं घरटं आहे. आई गॅलरीत सुके बोंबील उन्हात घालते आणि घार ते उचलून नेते. प्रत्येक चोरीनंतर आई रागाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारते, सिलिंडर लावल्याच्या तारखेशेजारीच. मी पानं उलटून पाहिली. फेब्रुवारीत फुल्या तुरळक होत्या. मार्चमध्ये घरट्यात पिल्लं दिसायला लागली आणि पान फुल्यांनी भरून गेलं. मे महिन्यात पिल्लं उडाली, तशा फुल्याही थांबल्या. हे सगळं मी बिचकतच अर्जात लिहिलं आणि पानांचे फोटो जोडले.

तीन आठवडे काहीच कळलं नाही. आई रोज विचारायची, “आलं का रे तुझ्या जंगलाचं उत्तर?”

काल आलं. माझी निवड झाली आहे, आणि येताना ते कॅलेंडर सोबत आणायला सांगितलं आहे.