शार्त्रच्या निळ्या काचा

सुहासिनीबाईंनी पुण्यातल्या शाळेत बत्तीस वर्षं फ्रेंच शिकवलं, पण फ्रान्स पाहिला तो पाठ्यपुस्तकातल्या चित्रांतच. आठवीला शार्त्र गावाचा धडा होता. आठशे वर्षांचं चर्च, त्याच्या निळ्या काचा, पॅरिसहून रेल्वेनं तासाभराची वाट. नवरा गेल्यावर मुलानं, शंतनूनं, त्यांना अमेरिकेत फ्रीमाँटला आणलं, तेव्हा ते पुस्तकही बॅगेतून आलं. इथं काम एकच: तान्ह्या नातवाला, वेदला, सांभाळणं.

यंदा शंतनू आणि सूनबाई शिवांगीनं पॅरिसची ट्रिप ठरवली आणि बाईंना पंख फुटले. "मला फक्त शार्त्र दाखवा," त्या म्हणाल्या. फेब्रुवारीतच त्यांनी त्या एका दिवसाचा कागद लिहून काढला: कुठलं स्टेशन, कुठली गाडी, काचांवर ऊन किती वाजता येतं. "आई, तू तर आमची गाइड!" शंतनू म्हणाला. त्या दिवसापासून वेदला अंगाई फ्रेंचमध्ये ऐकावी लागली.

एप्रिलमध्ये विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं बाईंचा पासपोर्ट दोनदा उलटून पाहिला. घरातले बाकी सगळे अमेरिकन नागरिक, भारतीय पासपोर्ट तेवढा बाईंचा, आणि त्यावर फ्रान्सचा व्हिसाच नव्हता.

"अगं, ग्रीन कार्डावर मेक्सिकोला गेलो होतो ना आपण! मला वाटलं इथंही चालतं," शंतनू म्हणाला. हाच पठ्ठ्या बारा वर्षं व्हिसापायी झुरला होता. स्वतःच्या हाती अमेरिकन पासपोर्ट पडला आणि सगळं विसरला.

शिवांगीनं घड्याळ पाहिलं. "आई, तुम्हाला उबर बुक करून देते. नेक्स्ट टाइम नक्की हं." बाईंनी तो कागद दहा वर्षांच्या नातीच्या, सावनीच्या हातात दिला आणि एकट्या घरी परतल्या. उबरमध्ये त्या खूप रडल्या.

पाचव्या दिवशी सकाळी चहा घेताना फोन वाजला. तिकडे संध्याकाळ होती. "आजी, वुई मिस्ड द ट्रेन!" सावनी ओरडली. मागे वेदनं भोकाड पसरलं होतं.

शंतनूनं फोन घेतला. "आई, आम्ही शार्त्र स्टेशनवर आहोत. तिकिटांचा फोटो पाठवलाय. पुढच्या गाडीला चालतील का, वाच ना जरा."

बाईंनी चष्मा लावला. तिकिटं दिवसभर चालणार होती. वर नावं होती तीन. काढल्याची तारीख होती दोन मार्च.

"शंतनू, तिकिटं तीनच?"

"वेदला कुठं लागतं तिकीट?"

"आणि मला?"

मग शिवांगीचा आवाज आला, "आई, वेदला दिवसभर ट्रेनमधून कोण नेणार? तुम्ही त्याच्याजवळ हॉटेलवर थांबाल, असं आम्ही धरलंच होतं."

व्हिसा विसरले ते विसरले. तिकीट विसरले नव्हते. दोन मार्चलाच त्यांनी बाईंना हॉटेलच्या खोलीत बसवून टाकलं होतं, आणि वर एप्रिलपर्यंत गाइड, गाइड म्हणून हसवत ठेवलं होतं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात फोनमधून स्टेशनवरची फ्रेंच घोषणा ऐकू आली. पॅरिसची गाडी तीनऐवजी एक नंबरवरून सुटेल, चार मिनिटांत. संपामुळे आजची ती शेवटची.

"आई, काय म्हणाली ती? आम्ही तीन नंबरवर उभे आहोत."

बत्तीस वर्षांत बाईंनी कुणाला चुकीचं भाषांतर सांगितलं नव्हतं.

"काही विशेष नाही," त्या म्हणाल्या. "तिथंच थांबा."

फोन ठेवून त्या गार झालेला चहा गरम करायला उठल्या.