आपल्या गाडीचा डोळा

मामांनी ती गाडी उभ्या आयुष्यात एकदाही पाहिली नाही, पण तिचा उल्लेख ते कायम 'आपली गाडी' असाच करत. दोन माणसांची, छप्पर उघडणारी, परदेशात तयार होणारी आणि परदेशातच मिरवणारी स्पोर्ट्स कार. तिच्या गोल दिव्यांभोवतीची चकचकीत रिंग तेवढी चिकलठाण्याच्या आमच्या छोट्या कारखान्यात निघायची, आणि ती काढायचे मामा. म्हणून ते रिंगमामा. "आपल्या गाडीला समोरचं दिसतं ते आपल्यामुळं," असं ते नव्या आलेल्या प्रत्येकाला सांगत. मी नवा इंजिनिअर होतो, त्यामुळे रिंगचा आणि दिसण्याचा काही संबंध नसतो, हे मी त्यांना समजावून दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला पुन्हा तेच सांगितलं.

माल तपासायला माझ्याकडे महागडं यंत्र होतं. मामांची पद्धत वेगळी. पत्रा दाबणाऱ्या प्रेसमधून निघालेली रिंग कापडानं पुसायची, एका डोळ्याला लावायची आणि समोर जो असेल त्याच्याकडे रोखून बघायचं. समोर बहुधा मीच असे. "तुमचं तोंड वाकडं दिसायलंय साहेब. म्हंजे रिंग बरोबर हाय." माझं यंत्रही नंतर तेच सांगे, निदान रिंगबद्दल तरी.

त्यांच्या प्रेसवर त्या गाडीचा कॅलेंडरमधून कापलेला फोटो चिकटवलेला होता. रोज सकाळी तो पुसल्याशिवाय मशीन सुरू होत नसे. कन्नडजवळच्या त्यांच्या गावात मुलीच्या लग्नाची बैठक बसली, तेव्हा बोलण्याच्या ओघात मामा 'आपली गाडी' म्हणून गेले आणि मुलाकडची दोन माणसं ती बघायला बाहेर गेली. बाहेर मामांची मोपेड उभी होती. लग्न मोडलं नाही, पण जावई अजून तो विषय काढतो म्हणे.

मग एक दिवस गाडीच्या परदेशी कंपनीला वाटलं, गाडी जुनाट दिसते. पन्नाशीच्या माणसानं अचानक केस रंगवावेत तशी लहर. आमच्या मालकांनी आम्हाला स्क्रीनसमोर बसवलं आणि काळ्या कपड्यातल्या डिझायनरनं नवी गाडी दाखवली. गोल दिवे गायब, त्यांच्या जागी दोन बारीक फटी. इंजिनाचा आवाज गायब. गाडीचं अंग झिजलेल्या साबणासारखं. नाव मात्र जुनंच. नव्या चेहऱ्यात निर्भयता आहे, असं तो म्हणाला, ते मी मामांना मराठीत सांगितलं.

"डोळेच काढले, मग भ्यायचं कशाला?" मामा म्हणाले. "भ्यायला आधी दिसावं लागतं."

मालकांनी मला खूण केली, हे तिकडे सांगू नका.

"अन् नाव जुनंच काहून ठेवलं?"

"जुन्या गिऱ्हाइकांसाठी," मी म्हटलं.

"म्हंजे पत्रिकेवर नाव तेच, मंडपात पोरगी दुसरीच. वऱ्हाडी आंधळे हायत व्हय?"

पाठोपाठ मेल आला की रिंगची डाय तोडा. पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा म्हणजे डाय. भाग बंद झाला की नकली माल निघू नये म्हणून ती तोडून फोटो पाठवावा लागतो. ही डाय मामांनी हातानं कानस मारून जमवली होती. ड्रॉइंगप्रमाणे काढलेली रिंग दिव्यावर किंचित हले, डाय मामांच्या हाताखालून गेल्यावर रिंग चट् करून बसायला लागली. हे कुठल्याही कागदावर नव्हतं. "मीच कापतो," मामा म्हणाले, "परक्याचा हात नको." दुपारी त्यांनी मला हाक मारली. दोन तुकडे पडले होते. मामा भिंतीकडे तोंड करून उभे होते. मला फार वाईट वाटलं. मी फोटो काढला, पाठवला, तिकडून आभाराचा मेल आला.

वर्षभरात मामा निवृत्त झाले. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. दोन शब्द बोला म्हटल्यावर ते एकच वाक्य बोलले, "कोपऱ्यात माझी पेटी हाय, खंडेनवमीला तिलाबी एक फूल वाहात जा." त्यांची हत्यारं असतील, असं आम्ही धरून चाललो. मी दर वर्षी झेंडूचं एक फूल ठेवत गेलो. दुसऱ्याची पेटी आपण कशाला उघडायची?

नवी गाडी बाजारात आली आणि लोक हसले. कुणी दिव्यांच्या फटींवर कागदाचे गोल डोळे चिकटवून फोटो टाकले. जुन्या गाड्यांना भाव आला. शेवटी कंपनीनं जाहीर केलं की गोल दिवे परत येणार. आम्हाला मेल आला, रिंग सुरू करा. आम्ही ड्रॉइंगवरून नवी डाय केली. रिंग हलायची. तीनदा नमुने पाठवले, तीनदा परत आले. चौथ्यांदा परत आले तर काम दुसरीकडे जाणार होतं, आणि मामांची गाडी दुसऱ्याच कुणाच्या डोळ्यांनी बघणार होती. विचारायला मामा नव्हते. आदल्या हिवाळ्यात गावी झोपेतच गेले.

त्या खंडेनवमीला फूल हातात घेऊन मी पेटीपुढे बसलो आणि पहिल्यांदाच झाकण उघडलं. आत डाय होती. अखंड, तेल लावलेली, कडेला हळदीकुंकू.

मग कापलं काय होतं? तेव्हा पाठवलेला फोटो शोधून पाहिला. बनायची बंद झालेल्या एका स्कूटरच्या दिव्याच्या रिंगची डाय. आकारानं निम्मी. मी क्वालिटी इंजिनिअर, मला फक्त गोल दिसलं होतं. आणि ज्यांची गाडी, त्यांनीही तो फोटो बघून आभार मानले होते. आपल्याच गाडीचा डोळा त्यांना ओळखू आला नव्हता, मग तो काढून टाकताना जड कशाला जाईल?

मालकांना सगळं सांगितलं. "फोटोचं विचारलं तर?" ते म्हणाले. पण विचारलं कुणीच नाही. मामांच्या डायवरची रिंग चट् करून बसली, काळ्या कपड्यातला डिझायनर स्क्रीनवर टाळ्या वाजवत होता.

पहिल्या घाण्यातली एक निर्दोष रिंग मी बाजूला काढली आणि तिच्यावर 'रिजेक्ट'चा शिक्का मारला, कारण त्याशिवाय ती गेटबाहेर नेता आली नसती. मामांच्या डायवरच्या मालावर तो शिक्का कधी पडला नव्हता. मला मामांची माफी मागावीशी वाटली. रविवारी कन्नडची एसटी धरून त्यांच्या घरी गेलो. मामींनी रिंग पदरानं पुसली, भिंतीवरच्या मामांच्या फोटोचा सुकलेला हार उतरवला आणि त्या जागी ती अडकवली. "मोप वाट बघितली त्यांनी हिची," म्हणाल्या.

रिंगमधून मामा माझ्याकडे रोखून बघत होते. मी तोंड सरळ ठेवायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही.