लसणाने पुसलेला अंगठा

नाशिकात द्वारकेच्या चौकामागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये रोज सकाळी अकरा बायका लसूण सोलायला बसतात. हॉटेलातली जी भाजी खाऊन लोक बोटं चाटतात, तिचा लसूण इथून जातो. जैतुनबी त्यातली सगळ्यात जुनी. सोळा वर्षं झाली. डाव्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात पाकळी धरायची, उजव्या अंगठ्याच्या नखाने साल ओढायची. हातमोजे घालून हे काम होत नाही. होतं असं ज्याला वाटतं, त्याने यावं आणि किलोभर सोलून दाखवावं.

लसूण आधी हात जाळतो. मग कातडी सोलून निघते, मग ती टणक होते, आणि मग काहीच होत नाही. जैतुनबी उकळत्या चहाचा ग्लास अख्ख्या मुठीत धरून बसायची. ऑगस्टमध्ये नवरा गेला, तेव्हाही तसंच झालं. नियाज रिक्षा पुसता पुसता खाली बसला तो उठलाच नाही. मोहल्ल्यातल्या बाया छाती पिटत होत्या आणि ही, मय्यताच्या अंघोळीचं पाणी तापलं का, एवढंच विचारत होती. नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतचे चार महिने दहा दिवस तिने घरात काढले. संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी शेडमध्ये येऊन बसली.

जानेवारीत ती रेशनवर गेली, तेव्हा दुकानदार किशोरने मशीन पुढे सरकवलं.

"चाची, केवायसी राहिलंय तुमचं. अंगठा द्या."

तिने दिला. मशीनमधली बाई बोलली, ठसा जुळत नाही. परत दिला. पदराला पुसून दिला. सहा वेळा झालं, मागची लाइन कुरकुरायला लागली.

"हे बघा," किशोर स्क्रीन तिच्याकडे वळवत म्हणाला, "नियाजचाचांचं झालेलंय. जूनमध्येच देऊन गेले अंगठा. तुमचंच राहिलंय."

"वो तो गुजर गये."

"मला माहितीये, चाची. मशीनला माहीत नाही."

गेलेला माणूस पक्का, आणि समोर पिशवी घेऊन उभी असलेली बाई कच्ची. महिनाअखेर ठसा जुळला नाही तर जैतुनबीचं नाव कटणार होतं. नाव कटलं की गहू-तांदूळ बंद. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं म्हणे, पण त्याचा ओटीपी नंबर यायचा नियाजच्या सिमवर, आणि ते सिम बंद पडून दोन महिने झाले होते. म्हणजे उरला अंगठा.

तिच्या खोलीच्या वर भाग्यश्री राहते. ब्युटी पार्लरमधलं काम सुटल्यापासून ती घरीच केसांचा स्प्रे, ओठांचा लेप, असलं काय काय बनवून विकते. जैतुनबीचा अंगठा तिने उजेडात धरला. अंगठ्यावर एक रेघ नव्हती. जुन्या पाट्यासारखा गुळगुळीत.

"खाला, याला ग्लिसरीन लागेल. पंधरा दिवस. रेघा आत असतील तर वर येतील."

"उसमें चरबी तो नहीं?"

"नाही गं. व्हेजिटेबल आहे, खोबऱ्याच्या तेलातलं. माझ्या घरात तरी चरबी चालेल का? सासू बाटलीसकट बाहेर काढेल मला."

जैतुनबी बाटली घेऊन गेली आणि घाईत चूक करून बसली. जास्त लावलं की लवकर होईल, म्हणून नुसतंच घट्ट ग्लिसरीन चोळलं, दिवसातून चार वेळा, कोरड्या हातावर. नाशिकच्या जानेवारीत हवेत पाणी कुठलं? चौथ्या दिवशी अंगठा उभा फाटला. रक्त आलं ते तिला दिसलं म्हणून कळलं, दुखलं नाही.

भाग्यश्री भडकली. "मी काय सांगितलं होतं? ते पाणी ओढून घेतं, खाला! हवेत मिळालं नाही तर तुझ्याच कातडीतलं ओढणार. एक चमचा हे, तीन चमचे गुलाबपाणी. आणि ओल्या हातावर लावायचं. ओल्या!"

"चिल्ला मत. बनाके दे."

मग रोज संध्याकाळी भाग्यश्री खाली यायची. कोमट पाण्यात हात बुडवून ठेवायचे, न पुसता मिश्रण चोळायचं. अंगठ्याचं झालं की हाताला उरलेलं ती बाकीच्या बोटांवर निपटून टाकायची, वाया का घालवायचं म्हणून. ती बडबडायची, जैतुनबी भिंतीकडे बघत बसायची. दिवसा लसूण चालूच होता. सुट्टी घ्यायची तर खायचं काय? चीर भरली, कातडी मऊ झाली. रेघा आल्या नाहीत.

एकतीस तारखेला दोघी दुकानात गेल्या. जैतुनबीने निघताना ग्लिसरीनचा आणखी एक हात लावून घेतला होता. अंगठा काचेवरून सरकला.

"चाची, भजी तळून आलात का?" किशोर म्हणाला. लाइनीतले दोघे हसले.

"हसू नका," भाग्यश्री म्हणाली. "पाणी द्या इकडे."

धुतला, पुसला, ठेवला. ठसा जुळत नाही. डावा अंगठा. नाही. किशोरने घड्याळ बघितलं. "माझ्या हातात असतं तर केलं असतं, चाची. पाचला बंद होतं सगळं."

जैतुनबीने पिशवीची घडी घालायला घेतली. तिचा चेहरा होता तसाच होता. भाग्यश्रीने तिचा डावा हात ओढला, ओरडायला तोंड उघडलं आणि थांबली. करंगळीच्या शेजारचं बोट. पाकळी धरताना ते बाहेर राहतं, लसणाला शिवतही नाही. थंडीने सुरकुतलेलं होतं, पंधरा दिवसांच्या निपटलेल्या ग्लिसरीनने मऊ पडलं होतं. त्याच्यावर गोल गोल रेघा स्वच्छ दिसत होत्या.

"किशोरभाऊ, हे बोट चालतं का?"

"अं? चालतं की. दहातलं कुठलंही चालतं."

"मग इतके दिवस अंगठा अंगठा काय लावलंय?"

"सगळे अंगठाच देतात ना," किशोर म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "म्हणतातच अंगठा द्या."

भाग्यश्रीने त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जैतुनबीने बोट ठेवलं. या वेळी मशीनमधली बाई म्हणाली, ठसा जुळला. मग पावती आली, तिच्यावर जैतुनबीचं नाव.

भाग्यश्रीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जैतुनबीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पिशवी उघडी करून काट्याखाली धरली. गहू पडले, तांदूळ पडले. तिने गाठ मारली.

मागे एक बाई अंगठा भिंतीवर घासत उभी होती, साफ व्हावा म्हणून. जैतुनबीने तिचा हात धरून खाली घेतला, दुसरा हात उलटा केला आणि एकेक बोट उजेडात बघायला लागली.

"ये देख," ती म्हणाली. "ये दे उसको."