पागाची दोरी

माझी नायिका हरत नाही. शाळेत चित्रकला शिकवून उरलेल्या वेळात मी तिची कॉमिक्स काढते, आणि आजवर कुठल्याच अंकात ती हरलेली नाही. मुरुडच्या किनाऱ्यावर ती पाग टाकते, म्हणजे एकट्याने फेकायचं ते गोल जाळं. त्या जाळ्यात चोरट्यांच्या बोटी सापडल्या, एकदा तर अख्खं वादळ सापडलं. तिने हात वर केला की भरती थांबते. माझीच आहे ती, मला कोण विचारणार?

विचारलं माझ्या धाकट्या बहिणीने. ती नवी मुंबईत व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. दोघांनी समोरासमोर उभं राहून मारामारी करायची, असला गेम त्यांना करायचा होता आणि त्यासाठी कॉमिक्समधले आपल्याकडचे हिरो हवे होते. हिने ऑफिसात माझे अंक दाखवले, त्यांना नायिका पसंत पडली. मी हवेत तरंगायला लागले. मग कळलं की नायिकेच्या शक्ती गेममध्ये बसवायचं काम बहिणीकडेच आलंय, आणि मी धपकन जमिनीवर आले.

हिला साधा आंबा काढता येत नाही. शाळेत असताना हिची चित्रं मी काढून दिलेली. आणि आता माझ्या नायिकेने काय करायचं ते ही ठरवणार. माझा जळफळाट झाला, दुसरा शब्द नाही त्याला.

शनिवारी ती घरी आली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन ओटीवर बसली. शेजारी माझे अंक.

"ताई, ती भरती थांबवते ना, ते काढायला लागेल."

"का म्हणून?"

"स्टेजवर पाणीच न्हाय. आणि समोरच्याला काही करताच आलं नाही तर तो खेळेल कशाला? हिला हरवायचं कसं, तेवढं सांग मला."

"ती हरत न्हाय."

"मग सगळे तिलाच घेतील आणि दोन दिवसांत कंटाळतील. गेम खल्लास."

मग तिने मला समजावलं. कॉमिक्समध्ये शक्ती नुसती दिसली तरी पुरते. फायटिंग गेममध्ये तिची किंमत मोजावी लागते. फटका जेवढा मोठा, तेवढा तो उगारायला वेळ जास्त, आणि चुकला तर मारणारा तेवढाच उघडा पडतो. तिचं म्हणणं पटत होतं, म्हणून जास्तच राग येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मामाबरोबर खाडीवर निघाली. आमचा मामा अजून पाग टाकतो. चिखलात पाय गेला की येईल परत, असं मनात म्हणत मीही मागोमाग गेले. ती चिखलात गुडघाभर उतरली आणि मोबाइलवर मामाचा व्हिडिओ काढत राहिली. मामाने दोरीचा फास मनगटात अडकवला, जाळं कोपरावर घेतलं, अंगाला झोका देऊन फेकलं. मग वाकून हळूहळू ओढायला लागला.

"मामा, आता तुम्हाला कुनी ढकललं तर?" तिने विचारलं.

"पडंन. हात दोरीत हाय माझा, दुसरं काय व्हनार?"

"आणि दोरी सोडली तर?"

"तं मी सुटंन. पाग जाईल."

ती माझ्याकडे वळली. "ताई, तुझ्या चित्रात दोरी कुठाय?"

दोरी नव्हती. एकाही अंकात नव्हती. ती बारीक रेघ नायिकेच्या दंडावरून गेली असती आणि पोझ बिघडली असती, म्हणून मी ती कधी काढलीच नाही. मामाच्या मनगटावरचा दोरीचा वळ मी लहानपणापासून बघत आले होते. हिला तो एका सकाळीत दिसला.

"कॉमिक्समध्ये चालतं तेवढं," मी म्हटलं. मामा हसला. मला दोघांचाही राग आला.

गेम तयार झाला तेव्हा सगळा खेळ त्या दोरीवर उभा होता. नायिका पाग टाकते, समोरचा अडकला की त्याला ओढून आणते आणि हाणते. नेम चुकला, तर समोरचा दोरी धरून तिलाच खेचतो. ऑफिसातली पोरं म्हणे भांडून तिलाच घ्यायची. आई शेजारणीला सांगायची, धाकटीने काय डोकं चालवलंय बघा. शाळेतली मुलंही मला विचारायला लागली, मॅडम, ती दोरीवाली तुमचीच का? माझीच, पण दोरी माझी नव्हे, हे मी सांगत बसले नाही. गेम साफ आपटावा असं मला कितीदा वाटलं, आणि तो आपटला असता तर बहिणीला जवळ घेऊन मी मनापासून समजूत घातली असती.

पुढच्या अंकाचं पहिलं पान काढताना हाताने आपोआप दोरी काढली. मी ती खोडली. बिनदोरीचं जाळं खोटं दिसायला लागलं, नुसतं हवेत टांगलेलं. पुन्हा काढली, पुन्हा खोडली, कागदाचा भुगा निघायला लागला तेव्हा थांबले. शेवटी दोरी ठेवली. दंडावरून मनगटापर्यंत आलेली ती रेघ फार सुंदर दिसते. ती मला सुचायला हवी होती.

परवा बहीण आली होती. टीव्हीला गेम जोडला. मी माझी नायिका घेतली, तिने कुठलासा आडदांड पैलवान. मी पाग टाकला की ती बाजूला सरकायची, दोरी धरायची आणि खेचायची. माझी नायिका तोंडावर आपटायची. आई पलीकडे कोळंबी सोलत हसत होती.

"ताई, दोरी सोडायचं बटण हाय," बहीण म्हणाली. "पाग जातो, पण तू वाचतेस."

"ठाऊक हाय."

मी पुन्हा पाग टाकला. तिने पुन्हा दोरी धरली. माझा अंगठा त्या बटणावर गेला, तिथेच थांबला, आणि मी दात आवळून ओढत राहिले.